मिशीवाचून अडलेलं कर्ज

प्लंबरला दुपारी बँकेत जायचं होतं, म्हणून तो सकाळीच सलूनच्या खुर्चीवर येऊन बसला. लेकीच्या कॉलेजच्या कर्जासाठी राहतं घर तारण ठेवायचं, तर निदान तोंड तरी विश्वास ठेवण्याजोगं दिसावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मिशीला हात लावायचा नाही, हे त्याने नेहमीप्रमाणे बजावलं. ती झुबकेदार मिशी त्याच्या बायकोला फार आवडायची. बायको गेली, तेव्हापासून तो मिशीला जरा जास्तच जपत होता.

कर्जाची कल्पना मुळात याच खुर्चीत निघाली होती. सलूनवाल्याची मुलगी कर्ज काढून शिकली, पदवी घेऊन दुसऱ्या शहरात ऑफिसात लागली, आणि त्या दिवसापासून बापाची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालू लागली. तिचा पगार तो दर गिऱ्हाइकागणिक थोडा थोडा वाढवत गेला. एवढी पगारवाढ तिला ऑफिसने सात जन्मांत दिली नसती. खरा आकडा त्याने कधी विचारला नव्हता. विचारला असता तर ऐकावा लागला असता. ती फोनवर "बरं चाललंय, बाबा" म्हणायची आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा.

त्या सकाळी ती सुट्टीवर आली होती आणि मागच्या बाकावर चहा पीत बसली होती. प्लंबरने गालांवरच्या फेसातूनच तिला हाक मारली.

"पोरी, एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. हप्ता भरून हातात बऱ्यापैकी उरतं ना? घर आहे गं ते माझं."

तिने बापाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर त्याची इतक्या दिवसांची ऐट गिऱ्हाइकासमोर धुळीला मिळाली असती.

"उरतं की, काका," ती म्हणाली. "बरं चाललंय."

आणि प्लंबरची अर्धी मिशी टॉवेलवर पडली.

पुढचा पाव तास दुकानात नुसती धांदल उडाली. डावीकडे गेली म्हणून उजवीकडे थोडी कापली, मग डावी जास्त वाटायला लागली, ती सारखी करता करता दोन्हीकडे माशी बसल्यासारखं काहीतरी उरलं, आणि शेवटी तेही उडवावं लागलं. प्लंबर ओठावर रुमाल धरून बँकेत गेला. साहेबांनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, त्याला रुमाल काढायला लावला आणि हे तुमचे थोरले भाऊ का, असं विचारलं. प्लंबरने शपथा घेतल्या, लेकीची साक्ष काढली. साहेब म्हणाले, जिच्यासाठी कर्ज घेताय तिचीच साक्ष कशी चालेल? नवं ओळखपत्र आणा, नाहीतर मिशी वाढवून या. नवं ओळखपत्र निघेपर्यंत कॉलेजची मुदत संपणार होती. राहता राहिली मिशी.

संध्याकाळी दुकान आवरताना मुलीने विचारलं, "बाबा, आजवर कुणाला साधा ओरखडा नाही काढलात तुम्ही. आज हात घसरला कसा?"

तो वस्तरा पुसत राहिला. "फोनवर तोंड दिसत नाही गं," तो म्हणाला. "आज आरशात दिसलं. खरं सांग, किती उरतं?"

तिने सांगितलं. त्यांच्या गल्ल्यात एका रविवारी त्याहून जास्त जमायचं. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर मटकन बसला आणि रडला. तिने चहाचा कप विसळायला घेतला. तोच कप ती बराच वेळ विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्लंबरची लेक दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गल्लीत आजवर कुणाला मिळाले नसतील इतके मार्क तिला मिळाले होते. डोळे रडून सुजले होते.

"काका, मिशी किती दिवसांत येते?"

कुठला केस किती दिवसांत वाढेल, हे सलूनवाला नुसत्या नजरेने सांगायचा. पण त्याने मान खाली घातली.

"माणसामाणसावर असतं, बाळा."

तिचा विश्वास बसला. रोज रात्री बाबांना तेल चोळून देईन, म्हणाली आणि गेली.

पुढच्या सकाळी सलूनवाल्याने शटर अर्धं वर केलं, तोच प्लंबर खालून वाकून आत आला. खुर्चीवर बसला. वरचा ओठ तेलाने चकाकत होता आणि त्यावर बारीक खुंट दिसत होते. त्याने तिथे बोट ठेवलं.

"काढा."

"अहो, पण पोरीचं कॉलेज..."

"आरसा माझ्याही समोर होता त्या दिवशी," प्लंबर म्हणाला. "तिला नाही म्हणायची माझी छाती होत नाही. मिशी येत नाही म्हटलं की भागतं."

सलूनवाल्याने फेस केला. ब्रश ओठाला लागला तसे प्लंबरचे डोळे भरून आले.

"फार मन लावून चोळते हो तेल," तो म्हणाला, आणि मान मागे टेकवली.