पाणवठा कचेरीची बचत

मुलांनो, एका जंगलात एक कचेरी होती. हसू नका, जंगलातही कचेऱ्या असतात.

ही पाणवठा कचेरी. पाण्यावर कोणी कधी यायचं, हे ती ठरवायची. चितळांनी सकाळी, बिबट्याने संध्याकाळी. दोघं एकाच वेळी आले, तर एकालाच तहान लागलेली असते आणि दुसऱ्याला भूक, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

कचेरीत दोघंच. साहेब होते धोंडोजी गवा. अंगाने डोंगराएवढे, पण वरून पत्र आलं की वासरासारखे थरथरायचे. आणि कारकून होत्या इंदूताई साळिंदर. बावीस वर्षं नोकरी, एकही रजा नाही.

कचेरी जांभळाच्या झाडाखाली होती. दिवा नव्हता, कारण ऊन होतं. पंखा नव्हता, कारण वारा होता. इंदूताई स्वतःच्या काट्याने पळसाच्या पानावर चिठ्ठी लिहायच्या. पाणी पिऊन झालं की चितळं ती चिठ्ठी खाऊन टाकायची. फायली साठायचा प्रश्नच नव्हता.

हरबा नावाचं एक म्हातारं चितळ रोज पहिला नंबर लावायचं. "बाई, आज अक्षर गोड लागलं," असं इंदूताईंना सांगून जायचं.

एक दिवस वरून पत्र आलं. 'सर्व कचेऱ्या पर्यावरणस्नेही कराव्यात.' पाठोपाठ तपासणीला टिटवी मॅडम आल्या.

"मागच्या वर्षी वीज किती वापरली?" त्यांनी विचारलं.

"शून्य," इंदूताई म्हणाल्या.

"यंदा?"

"शून्य."

"कागद?"

"तोही शून्य. दोन्ही वर्षी."

टिटवी मॅडमनी हिशेब केला. पुन्हा केला. मग त्या किंचाळल्या. टिटव्या साध्या बोलतानाही किंचाळतात, पण ही किंचाळी सरकारी होती.

"म्हणजे तुमची बचत शून्य टक्के! माळावरच्या तरसांच्या कचेरीने चाळीस टक्के वीज वाचवली. त्यांना पदक मिळालं. तुम्ही काय वाचवलंत?"

"मॅडम, आम्ही वापरतच नाही, तर वाचवणार काय?" इंदूताई म्हणाल्या.

"ही सबब मी पहिल्यांदाच ऐकतेय. वर्षभरात पन्नास टक्के बचत दाखवा. नाहीतर कचेरी बंद, आणि तुमची दोघांची बदली खाजणात."

खाजणात गवत नाही, सावली नाही, पाणी खारट. गवासाहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी घाईघाईने विचारलं,

"मग आम्ही करावं तरी काय?"

"सोपं आहे," टिटवी मॅडम म्हणाल्या. "आधी वापरा. मग कमी करा."

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. नदीपलीकडून विजेच्या तारा आल्या. तारांना आड येणारी सतरा झाडं पाडली. त्या झाडांचा कागद झाला. कागद आलाच आहे म्हणून छापायचं यंत्र आलं आणि प्रत्येक चिठ्ठी चार प्रतींत निघू लागली. जांभळाखाली साठ दिवे लागले आणि ते भर दुपारी जळू लागले. काजव्यांनी अपमान झाला म्हणून गाव सोडलं.

एसीही आला. पण कचेरीला भिंतीच नव्हत्या. गार हवा सरळ समोरच्या टेकडीवर जायची. तिथले ससे चैत्रात शेकोटी पेटवून बसू लागले.

"साहेब, हे काय चाललंय आपलं?" इंदूताईंनी विचारलं.

"वापर वाढवतोय, ताई. मलाही पटत नाही. पण खाजणात माझी हाडंसुद्धा टिकणार नाहीत हो."

इंदूताई चारही प्रतींवर शिक्के मारू लागल्या. त्यांना साहेबांची कीव आली आणि स्वतःचा राग.

हरबाने नवी चिठ्ठी चावून पाहिली. "बाई, याला चव नाही," तो म्हणाला आणि तीन दिवस खोकला.

सहा महिन्यांनी बचत सुरू झाली. साठातले तीस दिवे काढले. चारऐवजी दोन प्रती निघू लागल्या. चिठ्ठ्या छापायचं यंत्र दिवसाआड बंद राहू लागलं. पळसाच्या पानावर लिहायला तर केव्हाच मनाई झाली होती, कारण तपासणीच्या वहीत पानांचा रकानाच नव्हता.

अशाच एका बंद दिवशी चितळांना चिठ्ठी मिळाली नाही. बिबट्यालाही मिळाली नाही. दोघं आपापल्या अंदाजाने निघाले आणि पाण्यावर एकदमच पोचले.

हरबा सगळ्यांत पुढे होता. तो परत आला नाही.

वार्षिक तपासणीत इंदूताईंनी ही गोष्ट सांगितली. टिटवी मॅडमनी मान हलवली, वही उघडली आणि लिहिलं, 'अर्जदारांमध्ये एकाची घट. कागद वाचला.'

कचेरीची बचत भरली एक्कावन्न टक्के. गवासाहेबांच्या गळ्यात पदक पडलं.

इंदूताईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. गवासाहेबांनी तो चार प्रतींत मागितला. इंदूताईंनी एकच दिली आणि पाणवठ्याच्या ओढ्याकाठाने त्या वर चालू लागल्या.

वरच्या डोहाशी एका खडकावर त्या बसल्या. चितळं आली की म्हणायच्या, "या, तुमचीच वेळ आहे." बिबट्या आला की म्हणायच्या, "संध्याकाळी ये रे बाबा." न ऐकणाऱ्याला त्या पाठ दाखवायच्या. साळिंदराची पाठ पाहिली की बिबट्याही वेळ पाळतो.

हळूहळू सगळं जंगल वरच्या डोहावर जाऊ लागलं. खालच्या कचेरीत कोणी फिरकेना. यंत्र बंद झालं. एसी बंद झाला. एकेक करत सगळे दिवे विझले.

पुढच्या वर्षी टिटवी मॅडम आल्या, तेव्हा गवासाहेब एकटेच बसले होते.

"वीज किती?"

"शून्य."

"कागद?"

"शून्य."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "शंभर टक्के बचत!" त्या किंचाळल्या आणि त्यांनी साहेबांना दुसरं पदक घातलं.

जाता जाता त्यांनी वरच्या डोहावर एक नोटीस लावली: 'येथे विनापरवाना पाणी पाजले जाते. वीजबचत शून्य टक्के.'

तात्पर्य: मुलांनो, सुरुवातीपासून नीट वागू नका. सुधारायला जागा ठेवा.