सिद्धाराम आप्पांची सही

आमच्या शाळेतली पालक-शिक्षक सभा मुख्याध्यापक सुरू करत नसत, सिद्धाराम आप्पा करत. हातातल्या किल्लीनं बाकावर दोन ठोके मारले की सभा सुरू. कुणी भाषण फार लांबवलं की एकच ठोका, म्हणजे थांबा. सोलापूर-मंगळवेढा एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेलेला माणूस. सभेतही खिडकीचा गज धरून उभाच. "आप्पा, बसा की," म्हटलं तर म्हणायचे, "बसलं की डुलकी लागती बाई. आन आपल्याला डुलकी लागली की दुसराच कोनतरी घंटी मारतो."

त्यांची नात गौरी माझ्या सातवीच्या वर्गात. मुलगा-सून दोघं कामावर, म्हणून पालक म्हणून आप्पा यायचे. मी पालक-शिक्षक संघाची सचिव, त्यामुळे माझी सुटका नव्हती. सकाळी सहाला फोन. "चहा झाला का बाई? न्हाय? मग ऐका." मंडईत गाठायचे, बँकेत गाठायचे. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे मी खुर्चीत आडवी असताना आत आले. माझं तोंड उघडं आणि बोलता येत नाही, हे त्यांना फारच सोयीचं पडलं.

विषय एकच. शाळेच्या आनंदमेळ्यात आयांनी शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे विकून पैसे उभे केले. ते गेले मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या सहीनं चालणाऱ्या खात्यात. आणि सरांनी जाहीर केलं, शाळेला दगडी कमान बांधायची.

"भाकऱ्या आयांनी थापल्या, आन कमान तुमी ठरीवली?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, शाळा मी चालवतो."

"गाडी डायवरच चालवतो की सर. पण कुटं जायाचं, ते डायवर ठरवत न्हाय."

आप्पांना हवी होती मुलींच्या स्वच्छतागृहावर पाण्याची टाकी. एवढा हट्ट का, ते त्यांनी एकदा मला फाटकाशी सांगितलं. "गौरीची बाटली रोज भरलेलीच घरी येती. म्हटलं, तहान लागत न्हाय व्हय? तर म्हणाली, पाणी पिलं की जावं लागतं आजोबा, आन तितं पाणीच न्हाय." मीही रोज वर्गात त्या भरलेल्या बाटल्या पाहत होते. मला कधी प्रश्न पडला नव्हता.

दोन महिने भांडून आप्पांनी नियम करून घेतला. चेकवर तीन सह्या हव्यात, मुख्याध्यापकांची, सचिवांची आणि एका पालकाची. पालक कोण, हेही त्यांनीच लिहून दिलं, "ज्याचं लेकरू शाळेत, त्याचीच सही." पहिली सही अर्थात आप्पांची. मग सगळं अडलं. सर टाकीच्या चेकवर सही करेनात, आप्पा कमानीच्या. शेवटी ठरलं, दिवाळीनंतर सभेत मत घ्यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आप्पांच्या मुलाची पुण्याला बदली झाली. गौरीचा दाखला त्यानं नेला. हजेरीतून तिचं नाव मी स्वतः कमी केलं. आप्पा एकटे इथंच राहिले आणि सहीचा विषय त्यांनी काढला नाही. सकाळी सहाचा फोन मात्र चालूच. मीही तो काढला नाही, उलट सभेची सूचना त्यांना पहिली पाठवली. नियमाप्रमाणे ती चूक होती.

सभेत सर दाखल्यांची वही घेऊनच आले. "आप्पा, तुमची नात या शाळेत आहे?"

सगळे वळून बघायला लागले. आप्पांनी गजावरचा हात काढला. "न्हाय."

"मग तुमच्याच नियमानं—"

"नियम माझाच हाय, सर. माझी सही काढा." त्यांनी आयांकडं पाहिलं. "पद्माताई, तुमची पोरगी पाचवीत हाय न्हवं? तुमी करा."

पद्मा टॉवेलच्या कारखान्यात काम करते, घरात तेलुगू बोलते. सभेत तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी करते की. पण टाकीलाच करते." एकेका आईचा हात वर गेला. सरांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. चेकवर सही करताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

टाकी बसली त्या दिवशी मी आप्पांना बोलावलं. नळ सोडून बघितला, पाण्याला जोर होता. आप्पांनी खिशातून फोन काढला, पुण्याला लावला आणि नळाजवळ धरला.

"गौरे, आवाज येतो का? पाणी आलं बग."

"हो आजोबा. इथे शाळेत तर फिल्टरचं पाणी आहे."

"व्हय व्हय. ग्वाड लागतं का?"

"पाणीच आहे हो आजोबा. ठेवू? क्लासला उशीर होतोय."

"ठेव की. पीत जा पण."

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानाला लावूनच ठेवला होता. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "बाई, आता सकाळी सहाला तुमाला फोन केला तर चालंल का? काम काय नसलं तरी?"