बगळे सरांचा तक्ता आणि पिल्लांचा भाग

"पोरगी गुणी आहे हो, पण धंद्याचं तिच्यासमोर बोलत जाऊ नका. तिच्या माहेरी एकाचाही कोर्स झालेला नाही."

एका जंगलात, एका गुहेत, अस्वलीण सासूबाई मामंजींना हे अगदी हळू आवाजात सांगत होत्या. अस्वलांचा हळू आवाज कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहेच, बाळांनो. बाहेर जांभळं निवडत बसलेल्या नव्या सुनेला, रानजाईला, शब्दन् शब्द ऐकू आला. ती किडकी जांभळं बाजूला टाकत राहिली.

तिच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. सासरचा धंदा मधाचा. नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडावर त्यांचं भलंमोठं पोळं. वरचा मधाचा भाग कापायचा, खालचा माश्यांच्या पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, ही घराण्याची रीत. का, ते आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात जंगलात फलक लागला. 'उद्योगांचे वित्तीय विश्लेषण. तीन दिवसांचे सखोल प्रशिक्षण. मार्गदर्शक : बगळे सर. जेवण व प्रमाणपत्रासह. तिघांवर एक मोफत.'

मामंजी, सासूबाई आणि रानजाईचा नवरा झिपरू, तिघांनी नावं घातली. मोफतची जागा वाया जाऊ नये म्हणून रानजाईलाही नेलं.

बगळे सर एका पायावर उभे राहून शिकवत. उद्योग वाळवीचा असो की कोळ्याचा, वाळूत काढलेला त्यांचा तक्ता एकच. सरांनी स्वतः कधी धंदा केला नव्हता, त्यामुळे त्यांची मतं अगदी ताजी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी अस्वलांची पाळी आली.

"पोळ्याचा किती भाग कापता?"

"दोन हिस्से," मामंजी म्हणाले. "तिसऱ्यात पिल्लं असतात."

"पिल्लं मध किती आणतात?"

मामंजींनी डोकं खाजवलं. "पिल्लं कुठली आणणार, सर? ती पिल्लं आहेत."

"म्हणजे जागा एक तृतीयांश आणि उत्पन्न शून्य!" सरांनी चोचीने वाळूत मोठ्ठं शून्य काढलं. "आणि त्या मेणाला बाजारात भाव आहे. हे इतकी वर्षं तुमच्या लक्षात आलं नाही?"

वर्ग हसला. मामंजी ओशाळले. सासूबाईंनी शून्य वहीत उतरवून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं.

"उद्या संध्याकाळी अख्खं पोळं उतरवायचं," सर म्हणाले. "हाच तुमचा प्रकल्प. तो झाला तर प्रमाणपत्र."

जेवणाच्या सुट्टीत रानजाईने झिपरूला बाजूला घेतलं.

"अहो, पिल्लांचा भाग कापला तर माश्या उठून जातील. पुन्हा त्या झाडावर बसायच्या नाहीत. पुढच्या वर्षी कापणार काय?"

"सरांना हे माहीत नसेल?"

"पिल्लं मोठी होतात हो."

"मोठं होणं तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं, सांग." रानजाईने बोटांवर रकाने मोजून पाहिले. "बघ. आता भात घे, गार होतोय."

तिने भात घेतला.

वर्गाच्या दाराशी एक वाळका भोपळा टांगलेला होता. ती शंकापेटी. शंका पानावर लिहून आत टाकायची, नाव घालायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी त्यातलं एक पान काढून मोठ्याने वाचलं.

"'आदरणीय सर, डोंगरापलीकडे निवासी भांडवल ही संकल्पना फार चालते. उत्पन्न न देणारा जो हिस्सा काढला असता सगळे कामगार निघून जातात, तो हिस्सा. आपण यातले जाणकार आहात. पोळ्याचं उदाहरण घेऊन समजावाल का?'"

सर थबकले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी दुसरा पाय खाली टेकवला.

"उत्तम प्रश्न," ते म्हणाले. "मी आत्ता तिकडेच येत होतो."

मग ते तासभर बोलले. निवासी भांडवलाचे चार प्रकार सांगितले. पिल्लांचा भाग हा पहिल्या प्रकारात येतो, त्याला हात लावणारा अडाणी, असं ठणकावून सांगितलं. मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय माणूस आहे!" असं ते एका बगळ्याबद्दल म्हणाले.

प्रकल्प बदलला. पोळं न उतरवणं हाच आता प्रकल्प. तो सगळ्यांना छान जमला. प्रमाणपत्रं मिळाली, तीन. मोफतवाल्यांना प्रमाणपत्र नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ बसवलं.

"ऐकलंस ना गं? पिल्लांचा भाग ठेवला नाही तर माश्या उठून जातात. असलं ज्ञान घरात बसून मिळत नसतं. तुझ्या माहेरी हे कुणाला ठाऊक असणार!"

"निवासी भांडवल," झिपरूने मान डोलावत जोड दिली.

रानजाईने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग, लग्नानंतर पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"सासूबाई, पुढच्या वर्षी सरांना आपल्या घरीच बोलवू. काय शिकवायचं ते मी आधीच भोपळ्यात टाकून ठेवते."

तात्पर्य : बाळांनो, घरच्यांना शहाणपण कधी फुकट देऊ नये. ते बगळ्याच्या चोचीत ठेवावं, म्हणजे घरचे फी भरून घेऊन येतात.