चौदावी पायरी

दर शुक्रवारी सकाळी साडेदहाला ज्योतीराम घोडके खरपेवाडीच्या पाणी संस्थेत यायचा आन् हिंदुराव खराड्याच्या डाव्या गालावर एक थापड मारायचा, कारण मॅक्रोतली चौदावी पायरी तीच व्हती.

मारायचं त्याच्या मनात नसायचं. पैल्या शुक्रवारी तर तो न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला. अर्धी दाढी झालेली, अर्धी फेसात. तिकडं संस्थेत चेअरमननी बटण दाबलं आन् हिकडं ज्योतीराम उठला.

न्हावी म्हणला, "आवं, वस्तरा लागंल की!"

"मला काय इचारतोस, पायास्नी इचार!" ज्योतीराम वरडला. पाय सुटलेच व्हते.

वाटंत हिंदुराव भेटला. हातात खुरपं, अंगावर बनियन. तो बी आपणहून निघाला न्हवता. दोघं संस्थेत शिरले आन् आपापल्या जागी बसले. पाचव्या पायरीला ज्योतीरामनं कान खाजवला. नवव्या पायरीला म्हणला, "हिंद्या, तंबाखू मळ." हिंदुराव मळायला लागला. चौदाव्या पायरीला फाडकन आवाज झाला. पंधराव्याला प्रिंटरातनं पाण्याच्या पाळीची यादी बाहेर आली, पाटकऱ्यानं ती घेतली आन् कालव्याचं दार उघडलं. बासष्ट सभासदांच्या रानात पाणी गेलं. यादी बिनचूक व्हती.

घडलं व्हतं असं. ज्योतीराम संस्थेचा सचिव. शाळा चौथीत सुटलेली, पण कुणाचं रान कुठं, कुणाला किती तास पाणी, हे त्याला तोंडपाठ. सगळी पाळी एका लांबड्या वहीत. मग वरनं हुकूम आला की वही जमा करा, पाळी आता कॉम्प्युटरच्या तक्त्यात लावा. शिकवायला तालुक्यावरनं दर मंगळवारी तवटे बाई यायच्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कधी चढायचा न्हाई. ज्योतीरामला त्याचाच जास्त राग यायचा.

"ज्योतीरामभाऊ, ह्याला मॅक्रो म्हणतात," बाई म्हणाल्या व्हत्या. "रेकॉर्ड दाबायचं. मग तुम्ही पाळी लावा. तुम्ही जे कराल ते हे बघून शिकतं. झालं की स्टॉप दाबा. पुढच्या खेपेला एक बटण दाबलं की सगळं आपोआप होतं."

"सगळं?"

"जे कराल ते सगळं."

हे बाईंनी तीन वेळा सांगितलं. सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद बी हाय.

तवा शेजारी हिंदुराव बसलेला. हिंदुराव म्हंजे ज्योतीरामचा पैरेकरी. ज्योतीरामचा एक बैल, बाण्या. हिंदुरावचा एक बैल, पाखऱ्या. दोघांचा मिळून एक जोड, बावीस वर्सं. बैल बदलले, पैरा बदलला न्हाई. तर ज्योतीरामनं रेकॉर्ड दाबलं, घाम पुसत एकेक नाव तक्त्यात बसवलं, माऊसनं बाण एका चौकटीत न्यावा तर दुसरीत जायचा, आन् तेराव्या पायरीला हिंदुराव तंबाखू मळत म्हणला, "ज्योत्या, हळू की. उंदीर हाय त्यो, नांगराचं रुमणं न्हवं."

बाई हसल्या. ज्योतीरामनं थापड मारली. मग यादी छापली. स्टॉप मातूर त्यानं येळेवर दाबलं, आन् त्याचा त्याला अभिमान बी वाटला.

पैल्या शुक्रवारनंतर सभा झाली. चेअरमन अण्णाप्पा मगदूम म्हणले, "पाणी येळेवर सुटलं का? सुटलं. मग इषय काय हाय?" ठराव झाला की सदर थापड वैयक्तिक समजू नये, ती पाळीचा भाग समजावी. हिंदुरावनं ठरावाला अनुमोदन दिलं, कारण त्याच्या बी रानात भुईमूग उभा व्हता. एका शुक्रवारी दाढ दुखत व्हती तर त्यानं रीतसर अर्ज दिला, "आज उजव्या गालावर घ्यावी." अर्ज नामंजूर झाला. रेकॉर्डमधी डावा हाय, म्हणले.

ज्योतीरामचं मातूर डोकं फिरलं. राग त्याला लई यायचा, पण तो त्याचा त्याला यायचा. यंत्रानं आणलेला राग त्याला सोसंना. मनात काय नसताना हात उठायचा, म्हंजे फुकटचा. त्यानं मारून झाल्या झाल्या बाईंनी शिकवलेलं मागं घ्यायचं बटण दाबून बघितलं. काय झालं न्हाई.

"मॅक्रोनं केलेलं मागं घेता येत नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "हातानं केलेलं घेता येतं."

"मग ही काय पायानं मारली व्हय? हातानंच मारलीया की!"

"तुमचा हात होता. पण केलं मॅक्रोनं."

मग तो मॅक्रो शिकायच्या मागं लागला. मंगळवारी बाईंच्या समोर, बाकीच्या दिवशी एकटाच. आतल्या ओळी इंग्रजीत. एकेक अक्षर तो बैलाचा दात बघावा तसा बघायचा. बाईंनी कुठली ओळ कशाची ते सांगितलं. त्यानं चौदावी ओळ धरली आन् पुसली. शुक्रवारी बटण दाबलं तर पडद्यावर आलं, चौदावी पायरी सापडत नाही. यादी निघंना. कालव्यावर बासष्ट जण फावडी घेऊन उभे. अण्णाप्पा म्हणले, "ज्योतीराम, तुझ्या मायेपायी आमची रानं वाळवू नगंस." ओळ परत घातली. हिंदुराव गाल पुढं करून बसलाच व्हता.

मग बाईंनी अट घालायला शिकवलं. राग आला असंल तरच मारायचं, न्हाईतर नुसतं पुढं जायचं. अट बरोबर बसली. पण आता राग येतोय का न्हाई ह्याची वाट बघत ज्योतीराम खुर्चीत बसायचा आन् वाट बघायचाच त्याला राग यायचा. अट दर शुक्रवारी पुरी झाली.

मग तो लूप शिकला. बाई म्हणाल्या, एकच काम सगळ्या ओळींना लावायचं असेल तर लूप. ज्योतीरामनं हिशेब केला. एक थापड बासष्ट जणांत वाटली तर हिंद्याच्या वाट्याला बासष्टावा हिस्सा येतोय. बाईंना न इचारता त्यानं लूप घातला. यंत्रानं वाटली न्हाई. बासष्ट जणांस्नी बासष्ट अख्ख्या दिल्या, गट नंबराप्रमाणं. माणसं वळीनं उभी राहिली. एकोणतिसाव्याला ज्योतीरामचा हात सुजला. एक्केचाळिसावा गट अण्णाप्पांचा. त्यांनी टोपी काढून हातात धरली आन् म्हणले, "आता ह्ये इतिवृत्तात घालू नगा." पाणी दीडला सुटलं. लूप त्याच सांजंला काढला.

अकरावा शुक्रवार झाला. यादी निघाली, माणसं पांगली. हिंदुराव उठला न्हाई. खिडकीबाहेर पाखऱ्या बांधलेला व्हता, तिकडं बघत म्हणला, "ज्योत्या, थापडंचं काय न्हाई. ती संस्थेची हाय. घेईन मी."

"मग तोंड असं का केलंयस?"

"पाखऱ्या हितनं बघतोय दर शुक्रवारी. आता तुझा हात दिसला की बुजतोय. काल औताला मान दिली न्हाई त्यानं. माणसाला ठराव कळतोय. बैलाला पायरी कळत न्हाई."

"मग काय करू? हात तोडू?"

"तोडू नगंस. म्होरल्या शुक्रवारी पाळी झाली की मी बैल घेऊन जातो. मेव्हण्याकडं जोड हाय."

ज्योतीरामनं माऊस उचलून आपटला. पण हिंदुराव गेलेला व्हता. एक बैल दावणीला ठेवून शेणाशिवाय काय मिळत न्हाई, हे ज्योतीरामला कुणी सांगायला नगो व्हतं. आन् बाण्याला दुसरा जोड मिळाला असता बी. पैरेकरी कुठला मिळतोय?

मंगळवारी बाई आल्या तवा तो दारातच उभा. "बाई, मुळापासनं करायचं. नव्यानं रेकॉर्ड."

"करू. पण पायऱ्या पंधराच पाहिजेत, आणि चौदावी थापडच. वर तशी नोंद गेलीय."

"भिंतीला मारतो."

मारून बघितली. यंत्रानं घेतली न्हाई. बाईंनी वर फोन लावला. भिंत सभासद नव्हे, असं उत्तर आलं. ज्योतीराम म्हणला, मग माझ्या मी थोबाडीत मारून घेतो. फोनवर म्हणले, सचिवाला तसा अधिकार नाही, वार्षिक सभेची मंजुरी लागंल. वार्षिक सभा मार्चात. अण्णाप्पास्नी गाल देता का इचारलं तर ते म्हणले, "मला माझी मिळालीया."

मग राग न येता चौदावीपातुर पोचायचा दिवसभर नुसता सराव केला. चार खेपा रेकॉर्ड लावलं, चारी खेपा पुसलं. एकात त्यानं स्टुलाला लाथ घातली. एकात प्रिंटरची आय काढली. एकात बाईंच्या तोंडावर म्हणला, "तुमी शांत कशापायी बसताय?" चौथ्यात सगळं नीट झालं, पण शेवटाला एवढा दात खाऊन हसला की बाईंनीच पुसलं. म्हणाल्या, "हे दर शुक्रवारी बघायला नको."

शुक्रवार आला. बाई बी मुद्दाम आलेल्या. जुनं बटण कुणी दाबलं न्हाई. हिंदुराव येऊन जाग्यावर बसला. म्हणला, "लौकर उरक. बैल न्यायचा हाय." ज्योतीरामनं रेकॉर्ड दाबलं. कान खाजला, तर मुद्दाम खाजवला न्हाई. यंत्रानं थोडा वेळ वाट बघितली आन् ते सोडून दिलं. नवव्या पायरीला म्हणला, "हिंद्या, तंबाखू मळ." हिंदुराव मळायला लागला. बारावी झाली. तेरावी आली. बाण चौकटीवरनं घसरला, परत आणला, परत घसरला.

हिंदुरावला ऱ्हावलं न्हाई. "ज्योत्या, उंदीर हाय रं त्यो. रुमणं न्हवं."

ज्योतीरामचा हात वर गेला. बाईंनी डोळे मिटले. खिडकीबाहेर पाखऱ्यानं कान टवकारले. हिंदुरावनं गाल पुढं केला न्हाई. बावीस वर्सं करत आलेला तसा मळलेल्या तंबाखूचा तळहातच पुढं केला, आन् त्यावर थाप मारायला आजवर कायम ज्योतीरामचाच हात असायचा. हात खाली आला. फाडकन आवाज झाला. चुन्याची धूळ उडाली.

बाई शिंकल्या.

यंत्रानं थापड घेतली. हिंदुराव सभासद हाय, तळहात त्याचाच हाय, थापड कुठं पडावी ह्याची नोंद वर न्हवती. यादी बाहेर आली. पाटकऱ्यानं दार उघडलं. बाई शिंकतच व्हत्या, आन् स्टॉप दाबायचं ऱ्हायलं.

ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. हिंदुराव बाहेर आला, पाखऱ्याला सोडलं आन् ज्योतीरामच्या गोठ्याम्होरं जाऊन म्हणला, "बैल न्यायला आलोय. झूल आन् घुंगरं दे."

"ने की. मी काय अडवलंय?"

"बाण्या का जुंपून ठेवलायस एकटाच?"

"दहा गुंठ्याचा तुकडा ऱ्हायलाय. जू आणून ठेवलंय सकाळी."

"एकट्या बैलावर तुकडा व्हतोय व्हय, येड्या?"

"न्हाई व्हत."

हिंदुरावनं पाखऱ्याला जुवात घातलं. ज्योतीराम लांब उभा ऱ्हायला, हात पाठीमागं बांधून. पाखऱ्यानं मान दिली. तुकडा नांगरून झाला तवा बारा वाजून गेलेले. मग संस्थेतनं पाटकरी पळत आला आन् म्हणला, बाईंनी आत्ता स्टॉप दाबलंय.

आता दर शुक्रवारी साडेदहाला बटण दाबतात. थापड तंबाखूवर पडती. तालुक्याला बसलेल्या तवटे बाई शिंकायला लागतात. तिथं आता कुणी मान वर करून बघत न्हाई. पाळी सुटती. मग हिंदुराव गोठ्याम्होरं येतो, म्हणतो, "बैल न्यायला आलोय." ज्योतीराम म्हणतो, "ने की." आन् दोघं मिळून त्यो दहा गुंठ्याचा तुकडा नांगरतात. तिथली माती पिठासारखी झालीया. त्यात काय पेरत न्हाईत, येळ मिळत न्हाई.

वार्षिक सभेला अण्णाप्पांनी इषय काढला. यादीनंतरच्या ओळी संस्थेच्या कामाच्या न्हाईत, त्या कमी कराव्यात. आता ज्योतीरामला सगळं येतंय. कुठली ओळ कुठं सुरू व्हती, कुठली पुसायची, झोपंत बी सांगंल. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

ज्योतीरामचा कान लाल झाला.

हिंदुराव मागल्या वळीत तंबाखू मळत बसलेला. म्हणला, "त्येवढं त्याला अजून जमत न्हाई, अण्णा. म्होरचा इषय घ्या."

म्होरचा इषय घेतला.