रांगेची लांबी

महामार्गाच्या डाव्या लेनमध्ये बसलेली माणसं सहा, सतरंज्या दोन, फलक तीन, पाण्याच्या बाटल्या आठ आणि आत्या एक. आत्या त्या सहांत धरलेली नव्हती. ती आंदोलनाला नव्हे, भाचीला ओढून घरी न्यायला आली होती. गुडघे दुखतात म्हणून जरा टेकली, ती टेकलीच!

भाची भौतिकशास्त्राची पदवीधर. तिला सगळे मोजपट्टी म्हणत. नवा कायदा तिला तोंडपाठ होता: हवामानाच्या नावाखाली रस्ता अडवला आणि मागची रांग किलोमीटरच्या आत राहिली, तर दंड. पुढे गेली, तर वर्षभर तुरुंग!

"घाबरताय काय? चारातली एकच लेन अडवलीय. रांग किलोमीटरला शिवणारसुद्धा नाही. गणित माझं आहे!"

"अगं, तुझ्या गणितापायी मला या वयात खडी फोडायला लावू नकोस म्हणजे मिळवली," आत्या म्हणाली.

तेवढ्यात फौजदार आला. त्याच्यामागे दांडीला लावलेलं मोजणीचं चाक ढकलत हवालदार.

"मोजणी होईपर्यंत कुणी हलायचं नाही!" फौजदार गरजला. "आणि मोजणाऱ्याच्या सुरक्षेसाठी उरलेल्या तीन लेन बंद!"

मोजपट्टी ताडकन उठली. "अहो साहेब, मग रांग वाढेल की!"

"खाली बस! नियम आहे."

हवालदार निघाला. पण रांग त्याच्याहून चपळ! थोड्या वेळाने वायरलेस खरखरला. "साहेब, शेवटच सापडत नाही! जवळ गेलो की आणखी पन्नास गाड्या!"

"सोडू नकोस! पाठलाग कर!"

हॉर्न असे बोंबलत होते, जणू शंभर तान्ही बाळं एकदम भुकेजली होती. एक ट्रकवाला तणतणत पुढे आला. "रस्ता कुणी अडवलाय?"

आत्याने शांतपणे फौजदाराकडे बोट दाखवलं.

फौजदार खजील झाला. मोजपट्टीला बाजूला घेऊन म्हणाला, "चूक झाली असं लिहून दे. दंडावर सोडतो."

"चूक तुमच्या मोजणीत आहे. बस वाढवा, गाड्या कमी करा, हे सांगायला बसलोय आम्ही. तुमचा आकडा आमच्या डोक्यावर घ्यायला नाही!"

झालं! आत्यासकट सात आरोपी कोर्टात उभे राहिले.

"चार किलोमीटर तीनशे मीटर!" सरकारी वकिलांनी टेबलावर हात आपटला.

"त्यातली आमची किती?" मोजपट्टीने विचारलं.

"तशी वेगळी मोजणी केलेली नाही," वकील म्हणाले. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "पुन्हा मोजा. आरोपींना त्याच लेनमध्ये बसवा, बाकीच्या तीन उघड्या ठेवा. येईल त्या आकड्यावर निकाल."

आता रस्ता अडवणं हे सरकारी काम! सतरंज्या फौजदाराने स्वतःच्या हाताने अंथरल्या. "ताई, जरा डावीकडे सरका. आत्याबाई, पाठीला उशी देऊ?"

"द्या. आणि तो फलक सरळ धरा, वाचता येत नाही," आत्या म्हणाली.

वाहतूक खात्यानेही शिरस्त्याप्रमाणे आदल्या दिवशी रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत सूचना दिली होती: न्यायालयीन मोजणी असल्याने नागरिकांनी खासगी वाहनं बाहेर काढू नयेत, बसने जावं.

हवालदार चाक घेऊन गेला आणि लगेच परत आला. कोर्टात त्याने अहवाल वाचला.

"रांगेची लांबी अकरा मीटर. वाहनं दोन. दोन्ही पोलिसांची."