एकाच वायरीचे कार्यालय

मानवाच्या प्रगतीचा इतिहास हा मुख्यतः वायरी कमी होत जाण्याचा इतिहास आहे. ज्याच्या टेबलाखाली वायरींचे जंजाळ तो मागासलेला. ज्याची एकच वायर भिंतीत जाते तो सुधारलेला. आणि ज्याला एकही वायर नाही तो एकतर संत असतो किंवा त्याची वीज कापलेली असते.

बस आगारातल्या हरवले-सापडले कार्यालयाची सुधारणा एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास झाली. तोवर हे कार्यालय वायरींच्या अंधारात होते. प्रवाशांनी बसमध्ये विसरलेल्या वस्तू येथे जमा होत : छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, डाव्या पायाचे बूट, दोन कवळ्या (एक वरची, एक खालची, मालक वेगवेगळे) आणि एक कुबडी. कुबडी विसरणारा माणूस बसमधून उतरून गेला कसा, यावर कार्यालयात बरेच दिवस चर्चा झाली. शेवटी ते बससेवेचे यश मानण्यात आले.

कार्यालयात साहेब होते आणि साहेबांखाली चौघे. खिडकीवर ताई बसत, वस्तूची ओळख पटवायला मामा, गोदामात काका आणि कॉम्प्युटरवर नोंदी करायला माई. माई साठीला टेकलेल्या, बोलायला हळू. इतक्या हळू की त्यांना एखादी गोष्ट पटली नाही तरी समोरच्याला ती पटल्यासारखीच ऐकू येई.

माईंचा जुना कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर एक पडदा आणि टेबलाखाली एक भला मोठा खोका. खोका घरघरत असे. जेवणाचा डबा त्याच्या डोक्यावर ठेवला की दुपारपर्यंत कोमट राही. थंडीत पायही शेकले जात. अडला तर डाव्या अंगाला एक थाप मारायची, चाले. थापेनेही भागले नाही तर मेकॅनिक येई, चार स्क्रू काढी, बिघडलेला तेवढा तुकडा बदली आणि चहा संपायच्या आत निघून जाई. इतक्या सहज दुरुस्त होणाऱ्या वस्तूला कार्यालयात मान मिळणे शक्यच नव्हते.

नव्या कॉम्प्युटरला खोका नव्हता. नुसता पडदा, आरशासारखा, एका पायावर उभा. आतडी-कोथळा सगळे पडद्याच्याच पाठीत. बोलणे, ऐकणे, बघणे, आठवणे, सगळे त्या दोन बोटे जाडीत. वायर एक. विकायला आलेल्या गृहस्थांनी तो असा हलक्या हाताने टेबलावर ठेवला, जणू झोपलेले मूल.

"ऑल-इन-वन आहे, मॅडम. यात सगळं आलं."

"आणि बिघडलं तर हो?" माईंनी विचारले.

"तर सगळंच बिघडतं. काय बिघडलंय ते शोधत बसायला नको."

साहेबांनी कौतुकाने मान हलवली. एवढ्याच पैशांत खोकेवाला दुप्पट ताकदीचा आला असता, हे गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण ताकद आत असते, ती अभ्यागतांना दिसत नाही, पडदा दिसतो. पुढेमागे यात काही वाढवता येईल का, असे मामांनी विचारले. वाढवता येत नाही, उघडताही येत नाही, जसा आला तसाच शेवटपर्यंत राहतो, असे उत्तर मिळाले. "म्हणजे स्वभावच की," मामा म्हणाले.

एका पाहणीनुसार (पाहणी साहेबांनी खुर्चीत बसून केली) टेबल सत्तर टक्के मोकळे झाले. त्या सत्तर टक्क्यांवर साहेबांनी फुलदाणी ठेवली. माईंच्या डब्याला जागा उरली नाही, म्हणून डबा मांडीवर आला.

आता सौंदर्य एकदा डोळ्यांत भरले की माणसाला इतरत्र कुरूपता दिसू लागते. साहेब तासन्‌तास त्या पडद्याकडे बघत आणि मग मान वळवून आपल्या चार कर्मचाऱ्यांकडे बघत. चार खुर्च्या, चार डबे, चार खोकले. म्हणजे वायरीच की. आठवड्याभरात परिपत्रक निघाले : "कार्यालयाच्या सुबकतेसाठी खिडकी, ओळख, गोदाम व नोंद या चारही कामांचे मिळून एकच साधन राहील. त्यासाठी माई यांची एकत्रित रचना करण्यात येत आहे."

ताई, मामा आणि काका दुसऱ्या आगारांत गेले. माईंना विचारण्याची गरज पडली नाही, कारण त्या नाही म्हणाल्याचे कोणाला ऐकू आले नाही.

रचना उत्तम चालली. माई खिडकीवर माणसाचे ऐकत, गोदामात जाऊन छत्री आणत, छत्री याचीच का ते विचारत आणि येऊन नोंद करत. जागा कमी लागे, आवाज शून्य. वरचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा साहेबांनी त्यांना दोन्ही नग दाखवले. अधिकाऱ्यांनी पडद्याच्या पाठीला हात लावून "जरा तापतो का हो?" असे विचारले. माईंच्या पाठीला हात लावणे शिष्टाचाराला धरून नसल्याने ती बाब तपासायची राहिली.

याच सुमारास माईंच्या लेकीचे दिवस भरत आले. लेक परगावी, पहिलटकरीण. रोज दुपारी तिचा फोन येई.

"आई, येणार आहेस ना गं? मला भीती वाटते."

"येते गं राणी."

"महिनाभर येतेच आहेस तू. तोवर मूल चालत स्टँडवर येईल तुला घ्यायला."

माईंनी रजा मागितली. साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला.

"रजेला माझी ना नाही, माई. पण जाणार कोण? खिडकीच्या माई की गोदामाच्या?"

"साहेब, मी एकच आहे."

"तोच तर प्रश्न आहे! चौघांतला एक गेला तर तिघं उरतात. तुम्ही गेलात तर किती उरतात, तुम्हीच सांगा."

माईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. ती साहेबांच्या बाजूने निघाली. त्या खिडकीवर परत गेल्या. तिथे एक आजोबा आपली वरची कवळी मागत होते आणि उरलेली खालची त्यांना बसत नव्हती.

नंतरच्या सोमवारी त्या सुंदर पडद्याचे आवाज वाढवायचे बटण आत जाऊन अडकले. एवढेच. अक्षरे दिसत होती, नोंदी होत होत्या. फक्त यंत्र ट्यांव ट्यांव असे एकसारखे ओरडू लागले. साहेबांनी जुन्या सवयीने थाप मारायला हात उचलला आणि पडद्याची किंमत आठवून तो तसाच केसांवरून फिरवला. फुलदाणीतले पाणी हादरू लागले. मेकॅनिक आला. त्याने चारी बाजूंनी पाहिले. स्क्रू कुठेच नव्हता.

"बटणच आहे हो नुसतं," तो म्हणाला. "पण बटणासाठी पडदा उघडायचा, आणि पडदा उघडला की तडकतो. अख्खा कंपनीत पाठवा. महिना-दीड महिना धरून चला."

"बटणासाठी अख्खा?"

"एकटं बटण कसं पाठवणार, साहेब?"

अडचण अशी, की कार्यालयात कॉम्प्युटर नाही असे वर कळवले असते तर तो घेतला कशाला असे वरून विचारले गेले असते. म्हणून साहेबांनी दुसरे परिपत्रक काढले : "एकत्रित रचनेच्या कोणत्याही साधनाचा एक भाग नादुरुस्त झाल्यास संपूर्ण साधन तत्काळ दुरुस्तीस पाठवावे. मधल्या काळात ते सेवेतच आहे असे समजावे." पडदा गोधडीत गुंडाळून रवाना झाला. रिकाम्या जागेवर फुलदाणी सरकली. कार्यालय कागदोपत्री पूर्ववत सुरू राहिले.

हे परिपत्रक लावायचे काम माईंचेच होते. त्यांनी ते भिंतीवर चिकटवले, चारी कोपरे अंगठ्याने दाबले आणि पुन्हा एकदा सावकाश वाचले. मग त्या साहेबांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

खोटे न बोलण्याचा माईंचा वर्षानुवर्षांचा नेम होता. त्यामुळे त्यांना खरेच दुखणारे काहीतरी निवडावे लागले. निवडायला पुष्कळ होते. त्यांनी उजवा गुडघा घेतला.

"साहेब, गुडघा बिघडलाय."

"अरेरे. मग दाखवून या ना संध्याकाळी."

"एकटा गुडघा कसा पाठवणार, साहेब?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिले. परिपत्रक चारी कोपऱ्यांनी घट्ट चिकटलेले होते. खाली सही त्यांची होती. नियम चुकीचा म्हणावा तर पडदा परत बोलवावा लागणार, माई एकत्रित रचना नाहीत म्हणावे तर मामा, काका आणि ताईंना परत बोलवावे लागणार.  

"दुरुस्तीचं ठिकाण?" साहेबांनी पेन उघडले.

"लेकीचं घर."

त्या सव्वा महिन्यात कार्यालयाची कामगिरी निर्दोष राहिली. माई सेवेतच होत्या, कॉम्प्युटर सेवेतच होता. फक्त खिडकीपाशी रांग होती. कुबडीचे मालकही अखेर आले आणि माई कुठे आहेत असे विचारू लागले. "सेवेतच आहेत," साहेब म्हणाले. "तोवर उभे राहा." गृहस्थ एका पायावर उभे राहिले. त्यांना पाहून साहेबांना पडद्याची आठवण आली.

माई वेळेवर पोचल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. लेकीने आईचा हात असा धरला की सुटता सुटेना, आणि माईंना चार कामांपैकी एकही आठवेना. तो दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून समाधानाने म्हणाले, "आई आल्या, आता कशाची चिंता नाही." स्वयंपाकाच्या बाईंना सुट्टी देण्यात आली. मालीशवाल्या मावशींना येऊ नका असे कळवण्यात आले. विहीणबाईंनी आपले दोन्ही गुडघे सोफ्यावर ठेवले.

"विहीणबाई, तुमचं कसं छान आहे हो," त्या म्हणाल्या. "एकट्या सगळं बघता, आणि घरात आवाज म्हणून नाही."

सर्व प्रकारच्या यंत्रांत हाच नग कुठेही हलवायला सर्वांत सोपा असतो. जिथे नेऊन उभा कराल तिथे तासाभरात चालू.

बारशाच्या आधीच बाळाचे गुण ठरले. पाळण्याभोवती सगळे जमले होते. "अगदी आजीवर गेलीय," जावईबापू म्हणाले. "रडतच नाही. पडल्या जागी गप्प." विहीणबाईंनी दुजोरा दिला, "शहाणी आहे. कुणाला त्रास म्हणून द्यायची नाही बघा मोठेपणी." सगळ्यांनी माना डोलावल्या. नवा नग, तीच बनावट.

मंडळी पांगली. माई पाळण्यावर वाकल्या, इकडेतिकडे पाहिले आणि नातीच्या गुलाबी तळपायाला हलकेच टिचकी मारली. एकदा. मग दुसऱ्यांदा, जरा मनापासून.

पोरीने असा टाहो फोडला की विहीणबाई सोफ्यावरून उठल्या (दोन्ही गुडघ्यांसह), जावईबापू पंचा घेऊन धावत आले आणि खोलीतून लेक ओरडली, "काय झालं गं आई?"

"काही नाही," माई आपल्या हळू आवाजात म्हणाल्या. "बटण चालतंय का बघत होते."

वाचकांनी येथे हसायला हरकत नाही. फक्त हसता हसता हातातला चहाचा कप खाली ठेवावा आणि तो आपण स्वतः केला होता का, हे आठवून पाहावे. नसेल, तर उठून आत जावे आणि ज्याने किंवा जिने तो आणून दिला, त्या नगाच्या पाठीवर हात ठेवून बघावा. चांगलीच तापलेली लागेल. आवाज येत नाही म्हणून सगळे ठीक चालले आहे, असे तुम्ही इतकी वर्षे समजत होता. आणि कप तर अजून तुमच्या हातातच आहे.