आप्पांच्या वाटणीचा चहा

एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले होते, नव्या पाट्या लागल्या होत्या, साहेब लोकांच्या जीपगाड्या धूळ उडवत हिंडत होत्या; फक्त पाणी नव्हतं. त्या नव्या कचेरीत शिवमूर्तीआप्पा टँकरच्या टेबलावर कारकून होते. टँकर कुठं जायचा ते साहेब ठरवत, पण गल्लीला वाटे, टँकर आप्पांच्या खिशातच आहे. म्हणून आप्पा दिसले की चहा होई, आणि मान म्हणून त्यात चमचाभर साखर जास्तच पडे.

उन्हाळ्याच्या तोंडाला आप्पांचं रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई डॉक्टरांपुढं ठाण मांडून बसल्या. त्यांच्या सासऱ्यांचा पाय ह्याच साखरेनं गुडघ्याखाली कापावा लागला होता. औशाच्या घरात शेवटची दोन-तीन वर्षं पार्वतीबाईच त्यांना उचलून ओट्यावर बसवत.

"मावशी, आजार अजून झाला न्हाई," डॉक्टर मोहियोद्दीन म्हणाले. नुकतेच शिकून आलेले, पोरसवदा, पण शांत माणूस. "दारात येऊन उभा हाय. आत घेऊ नका, बस्स."

"मग काय, रोज भांडू ह्यांच्याशी?"

"भांडून सवय सुटली असती तर आमच्या अब्बांची बिडी कवाच सुटली असती. माणसाला भ्या दाखवून काही होत न्हाई, भोवतालचं बदलावं लागतं. साखरेचा डबा वर ठेवा, मोठ्या कपबश्या काढून टाका. आन् आप्पा, तुम्ही रोज चाला. चालणार म्हणून चार माणसांत सांगून टाका, म्हणजे लाजेखातर तरी पाय निघतो. सोबत असली तर आणखी चांगलं."

आप्पा कचेरीतला माणूस. वरून आलेला हुकूम शब्दशः पाळायची सवय. त्याच संध्याकाळी कोरड्या नळापाशी बसलेल्या बायांना त्यांनी ठणकावून सांगितलं, "उद्यापास्नं रोज पहाटं मी औसा रोडनं जाणार हाय. न्हाई गेलो तर तोंडावर विचारा!"

शेजारची पंचफुला घागरीवर हात ठेवून बसली होती. तिनं आप्पांकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं. "औसा रोड व्हय? पहाटं? बरं बरं, आप्पा. समजलं."

दुसऱ्या दिवशी आप्पा कॅनव्हासचे बूट घालून निघाले. थोडं पुढं जातात तो मागं भांड्यांचा खडखडाट. वळून पाहिलं तर अख्खी गल्ली, डोक्यावर घागरी, काखेत कळश्या.

"आप्पा, आम्ही कुणाला सांगत न्हाई," पंचफुला दबक्या आवाजात म्हणाली. "पर टँकर नेमका कुठं लागणार?"

"अगं, टँकर न्हाई! मी चालायलोय. तब्येतीसाठी!"

बाया खो खो हसल्या. "सारं लातूर पाण्यापायी चालून मरायलंय, आन् ह्ये म्हणं बिनकामाचं चालायलेत!"

आप्पांनी तिसऱ्या दिवशी रस्ता बदलला आणि अंबाजोगाईच्या वाटेला लागले. तिथं तर शंकेला जागाच उरली नाही. जागा बदलली म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय! आता तिकडच्या वस्तीनंही दारात खुर्च्या टाकल्या, स्टो पेटवले. घागरभर पाण्यासाठी हाणामारी करणारी माणसं आप्पांच्या चहाला पाणी कुठून आणत, देव जाणे. आप्पा चालून घरी येत ते ढेकर देतच.

"चालायला गेला होता की लग्नाला?" पार्वतीबाई कडाडल्या.

"ओतलेला चहा कसा सोडू? भरला कप तसाच ठेवून उठलो तर त्या घराचा अपमान न्हाई का?"

हे मात्र खरं होतं. शेवटी वैतागून पार्वतीबाई स्वतःच सोबत निघाल्या. पहिल्याच दारात कप पुढं आला, तो त्यांनी मधेच पकडला. "द्या इकडं. ह्यांच्या वाटणीचा मी घेते."

घरवाले जरा बावरले. पण मागून पंचफुलेनं निकाल दिला, "काकूंनी घेतला म्हंजी आप्पांनीच घेतला. दोघं का येगळे हायेत?" सगळ्यांना ते पटलं. तेव्हापासून रोज दारोदार पार्वतीबाई पदरानं घाम पुसत आप्पांच्या वाटणीचा चहा पीत राहिल्या. स्वतःच्या वाटणीचाही नाकारता येईना; तो अपमान वेगळा.

एवढ्यात साहेबांनी आप्पांना बोलावलं. "तुम्ही लोकांना टँकर दाखवत फिरता म्हणे?"

"साहेब, मला शुगरचं हाय, म्हणून चालतो."

"शुगरला शंभर घागरी लागतात?"

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि गर्दीचा बोभाटा वर जायला नको म्हणून खाजा ड्रायव्हरला फर्मावलं, "उद्या एक टँकर आप्पा जातील तिकडं नेऊन रिकामा कर."

खाजानं टँकर नेला. झालं! कुणी शंका घ्यायचं कारणच संपलं. त्यानंतर दोनच दिवसांत आप्पांच्या मागं तीन गल्ल्या होत्या, आणि चहाबरोबर आता बेसनाचे लाडूही येऊ लागले. आप्पा गर्दीतून सुटायला भराभर चालत, मग पळत. पार्वतीबाई दारात अडकत. "हळू चला की हो!" म्हणेपर्यंत पुढचा कप हातात येई.

पाऊस कसाबसा पडला, तेव्हा दोघं डॉक्टरांकडं गेले. आप्पांची साखर उतरली होती. पार्वतीबाईंनी डोळे मिटून देवीला हात जोडले.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लई दमलेल्या दिसता. तुमचंही रक्त बघू एकदा."

बघितलं. दारात उभा असलेला आजार आप्पांना सोडून पार्वतीबाईंच्या अंगात शिरला होता.

साहेबांची पुढं माहूरकडं बदली झाली. डॉक्टर मोहियोद्दीननी नांदेडला दवाखाना टाकला. आता ते पेशंटला, चालणार म्हणून कुणाला सांगा, असं चुकूनही म्हणत नाहीत. खाजानं स्वतःचा टँकर घेतला. पंचफुलेच्या दारात नळ आला, तरी आप्पा दिसले की तिची नजर आधी घागरीकडं जाई. आप्पा पंच्याऐंशी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत आपल्या दोन्ही पायांवर हिंडले.

पार्वतीबाई अजून रोज चालतात, एकट्या. कुणी विचारलं, "काकू, एवढ्या पहाटं कुणीकडं?" तर तोंड पाडून म्हणतात, "मयतीला." मयतीला निघालेल्या बाईला चहा कोण विचारणार? त्यांच्या माहेरचे सगळे नातलग आजवर दोन-दोनदा वारलेत, पण साखर ताब्यात आहे.